ब्रह्मकमळाचं खाणं

आमच्या कांजूरमार्गच्या घरात कसलाही वास आला की त्याचा धनी एकच, डंपिंग ग्राउंड. वारा फिरला की खिडक्या लावायच्या, उदबत्ती पेटवायची आणि सोसायटीच्या ग्रुपवर शिव्या घालायच्या. शिव्या घालण्यात माझा नंबर पहिला. त्यामुळे गेल्या श्रावणात घरात गोडसर, सडका वास यायला लागला तेव्हा मी सवयीने फोन उचलला आणि तक्रारीवर तक्रारी ठोकल्या. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ग्रुपवर लिहिलं, "आमच्याकडे नाही गं येत." मला त्यांचा रागच आला. म्हटलं, ह्यांना कायमची सर्दी.

घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. आईची थोरली बहीण मालवणला होती. शेवटी शेवटी ती कुणालाच ओळखत नव्हती. पोटचा मुलगा समोर आला तरी पोस्टमन समजून त्याला पाणी आणून द्यायची. तिला भेटून परत आल्यावर आई म्हणाली, "माझा असा झाला तर कोणाक दाखवू नको." तेव्हापासून मी आईवर नजर ठेवून असते. तिला चष्मा सापडेना झाला की मी हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहते. सापडला की मी तिच्यावर खेकसते.

आईचं ब्रह्मकमळ बाल्कनीत आहे. नावाला कमळ, जातीने निवडुंग. लांब चपटी पानं आणि पानाच्याच कडेला येणारी कळी. ते फुललं की वरच्या काकू हळदकुंकू घेऊन येतात आणि दर वेळी कपाळावर हात मारून घेतात, कारण आई त्याला मासे धुतलेलं पाणी घालते.

"अहो, ब्रह्मकमळ ना ते!"

"ब्रह्मदेवान अजून तक्रार नाय केल्यान," आईचं उत्तर ठरलेलं.

पण त्यातही तिची शिस्त असे. मीठ लावायच्या आधीचं पहिलं पाणी, तेही पातळ करून, आणि फक्त रविवारचं. "ह्याका जास्ती खावक घालूचा नाय. उपाशी रवला तरच फुलता," असं ती मला लहानपणापासून बजावत आलीय. श्रावणात तर तेवढंही बंद, कारण श्रावणात आमच्या घरात मासळी शिरत नाही. गटारीला शेवटचा बांगडा भाजून झाला की आई तो तवा घासूनपुसून माळ्यावर टाकते. गणपती गेल्याशिवाय तो खाली येत नाही.

त्या श्रावणात ब्रह्मकमळाची पानं पिवळी पडली. बुंधा हाताला मऊ लागायला लागला आणि कुंडीवर माश्या घोंगावायला लागल्या. पावसाचं पाणी साचत असेल, असं मी धरून चालले. माश्यांचं बिलही मी डंपिंगच्याच नावावर फाडलं.

मग एका सकाळी गेटाजवळ बसणाऱ्या कोळणीने मला हाक मारली. "आई नाय आली आज? तिच्यासाठी तारल्या ठेवल्यात."

मी हसले. "मावशी, आमचा श्रावण चाललाय."

"मी पण तेच बोलली तिला," ती म्हणाली. "तर बोलते, माहीत आहे, माहीत आहे. आणि नेते. एक दिवसाआड नेते ना."

मी तशीच वर आले. आई आत देवाजवळ होती. मी फ्रिज उघडला, त्यात मासळी नव्हती. माळ्यावर बघितलं, तवा जागच्या जागी. आणि तेव्हा तो वास पुन्हा आला. मी खिडकी लावायला गेले नाही. वासाच्या मागे बाल्कनीत गेले आणि खुरप्याने ब्रह्मकमळाची माती उकरली.

आत तारल्या होत्या. डोकी काढून, पोटं साफ करून, स्वच्छ धुतलेल्या. नीट एकाशेजारी एक निजवलेल्या. खालच्या थरांचा चिखल झाला होता. आमच्या गावी माडाच्या मुळाशी अशाच तारल्या पुरतात, खत म्हणून. आईच्या हातांना तेवढं बरोबर आठवत होतं.

मागे वळले तर आई दारात उभी. मला वाटलं, ती म्हणेल, ह्या कोणी केला? तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

"घरी येऊन धुतंय," ती म्हणाली, "आणि मगे कॅलेंडरार नजर जाता. मगे काय करतलंय?"

"मला सांगायचंस ना, आई."

"कसा सांगतलंय? तू माझ्याकडे बघतस कशी, ता माका दिसता."

मला भीती वाटली. ती विसरत होती ह्याची तर वाटलीच, पण ते तिला कळत होतं आणि आठवडेच्या आठवडे ती ते एकटीने मातीखाली घालत होती, ह्याची जास्त वाटली. मी रडले. तिने पदराने माझं तोंड पुसलं, खुरपं काढून घेतलं आणि म्हणाली, "हात धू आधी."

झाड काही वाचलं नाही. शेंड्याचं एक चांगलं पान तेवढं कापलं, सुकवलं आणि नव्या कुंडीत खोचलं. डॉक्टरांची वेळ घेतली. आईला श्रावणात मासळी देऊ नको म्हणून कोळणीला सांगितलं, तिने मान हलवली. घरातला वास गेला. ग्रुपवर मी तसं लिहिलं, तर वरच्या काकूंचा मेसेज, "तुझ्या तक्रारींचा परिणाम झाला बघ!" खाली सगळ्यांचे अंगठे. मीही हात जोडलेले पाठवून दिले.

श्रावण संपायच्या आत एका संध्याकाळी ऑफिसातून आले, तर नव्या कुंडीतलं पान थोडं कललेलं होतं. भोवतीची माती नुकतीच थापून सपाट केलेली, वर बोटांचे ठसे. मासळी विकणारी काय एकच कोळीण आहे? मी मातीला हात लावला नाही.

"आई, जेवायला काय केलंस?" मी बाहेरूनच विचारलं.

"काय म्हणजे? श्रावण ना गो," ती ठसक्यात म्हणाली. "वालीची भाजी."

आम्ही जेवायला बसलो. वाढता वाढता तिचा हात थांबला. माझ्याकडे न बघता तिने हळूच विचारलं, "वास येता काय गो?"

"डंपिंगचा," मी म्हणाले आणि उठून खिडकी लावली.