सहा कोळ्यांतली मी

अंधेरीच्या आमच्या कॉलेजात कोळीनृत्याची टीम नाच बघून ठरत नसे, उंची बघून ठरे. सत्तरच्या आसपासची गोष्ट. जिमखान्यातलं टेबल-टेनिसचं टेबल भिंतीला सरकवायचं, बारा मुलींनी ओळीत उभं राहायचं, आणि नाच बसवणारे सर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे. बुटक्या सहाजणी कोळणी, उंच सहाजणी कोळी. मुलामुलींनी स्टेजवर हातात हात घालून नाचायचं नाही असा प्रिन्सिपॉलांचा हुकूम होता, त्यामुळे पुरुषही आम्हीच. माझी उंची पाच फूट सात इंच. सरांनी मला काय व्हायचंय ते विचारलंसुद्धा नाही.

कोळी व्हायचं म्हणजे काय, ते ऐका. डोक्यावर लाल टोपी, हातात पुठ्ठ्याचं वल्हं, कमरेला रुमाल, आणि घरच्यांच्या जिवाला घोर नको म्हणून त्याखाली अंगाच्या रंगाचा चुडीदार. वर डिंकानं चिकटवलेली मिशी. ती उपटताना ओठाची अशी वाट लागायची की पुढचे दोन दिवस मी लेक्चरला तोंडासमोर वही धरून बसायचे. आणि तिकडे कोळणी अंबाड्यावर वेण्या माळून, हिरवा चुडा भरून आरशासमोरून हलायला तयार नसत. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

हसाल तुम्ही, पण मला ते लागायचं. बोरीवलीला आमच्या सोसायटीत लहानपणापासून मला सगळे 'बाप्या' म्हणत. वरच्या मजल्यावरच्या काकू आईला विचारायच्या, "हिला नवरा कुठून आणणार हो, ताडाच्या झाडावरून?" आई तिथे हसून वेळ मारून न्यायची. घरात आल्यावर मला म्हणायची, "जरा वाकून चालत जा गं." मला एकदा, फक्त एकदाच, भरल्या हॉलसमोर बाई म्हणून नाचायचं होतं, आणि ते आईनं बघायला हवं होतं. एवढंच मागणं होतं माझं.

दुसऱ्या वर्षीही मिशीच. त्या वर्षी टीममध्ये वेसाव्याची एक मुलगी आली, खरोखरच्या कोळीवाड्यातली. आमची गट्टी जमली. एका रविवारी तिच्या घरी जेवायला गेले तर दारात तिची आई, नुकतीच बाजारातून आलेली, डोक्यावर पाटी. माझ्याएवढी उंच, काकणभर जास्तच. आत येताना तिनं पाटी खाली उतरवली, मान काही वाकवली नाही. मी जेवताना तिच्याकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सरांना गाठलं. म्हटलं, "सर, खरी कोळीण माझ्याएवढी असते. मी बघून आलेय."

सर पान चघळत म्हणाले, "खरी असेल. स्टेजवरची नसते."

पण मी त्यांची पाठ सोडली नाही. शेवटी कंटाळून म्हणाले, "पुढच्या वर्षी तुझ्या जागी दुसरी उंच मुलगी आण, मग बघू."

आणली. तिसऱ्या वर्षी ॲडमिशनच्या रांगेपाशी मी आठ दिवस उभी राहून नव्या पोरींची उंची जोखत होते. वेसाव्याची मैत्रीण म्हणायची, "यार, ही काय पोलीस भरती आहे?" अखेर एक सापडली, आरे कॉलनीच्या क्वार्टर्समधली, जवळजवळ माझ्याच उंचीची, स्वभावानं गरीब. कोळी होशील का विचारलं तर म्हणाली, "हो ताई, काहीही होईन." सरांनीही शब्द पाळला आणि मला कोळणींच्या ओळीत उभं केलं.

पुरुषांचे कपडे ड्रेपरीवाल्याकडून येत, पण लुगडी जिनं तिनं घरून आणायची असत. आईला सांगितलं तर तिनं ट्रंकेच्या तळातून आपलं लग्नातलं हिरवं नऊवारी काढलं, लाल काठांचं. उन्हात घातलं, घडी घालून माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, "मी येते बघायला." तोवर ती एकदाही आली नव्हती.

आणि मग माझ्याच पायांनी दगा दिला. कोळी डावा पाय आपटतो आणि खांद्यातून वल्हं मारतो. कोळीण उजवा पाय अलगद टाकते, कमरेत मुरडते. दोन वर्षांत कोळी माझ्या अंगात इतका मुरला होता की ढोलकीवर थाप पडली की डावा पाय धाडकन आपटायचाच. पाच कोळणी उजवीकडे वळायच्या, मी डावीकडे. घरी ओट्यासमोर उभी राहून आकडे मोजत घोकलं, तरी जिमखान्यात आलं की तेच. बाकीच्या फिदीफिदी हसायच्या. सर ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते नुसतं "पुन्हा" म्हणायचे. ज्यांनी मला हे पाय दिले तेच आता थंडपणे बघत होते, याचा मला भयंकर संताप यायचा.

आंतरकॉलेज स्पर्धेच्या चार दिवस आधी मी अशीच उलटी वळले आणि त्या नव्या मुलीवर आदळले. दोघी पडलो. सरांनी पाणी प्यायला सुट्टी दिली. तेवढ्यात ती पोर कोपऱ्यात एकटीच, गंमत म्हणून, कोळणीचा नाच करून बघत होती. कुणी शिकवला नव्हता तिला, आणि एक पाऊल चुकलं नाही. मी बघितलं. सरांनीही बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडून ऐकायची माझी तयारी नव्हती.

"सर, आम्ही दोघी बदलतो," मीच म्हटलं. ते नको म्हणाले नाहीत.

तिच्या घरी नऊवारी नव्हतं. मी आईचं दिलं. स्पर्धेच्या दिवशी माझ्याच हातानं तिला नेसवलं. काष्टा जरा जास्तच जोरात ओढला असेन. आईला घरी सांगणार होते. चार दिवस तोंडच उघडलं नाही.

नाच झकास झाला. पहिला नंबर आला. मी इतकी चांगली कधी नाचले नव्हते, आणि नाचताना मला मजा आली, याचाच नंतर जास्त राग आला.

मिशी उपटून, तोंड धुऊन, माझी पाचवारी नेसून बाहेर आले तर आई फाटकापाशी उभी. तिच्या चष्म्याचा नंबर वाढलेला, आणि जागा मिळाली होती पार मागे. तिचे डोळे भरले होते. तिनं माझा हात घट्ट धरला.

"लुगड्यावरून नजर हलवली नाही मी," ती म्हणाली. "किती छान दिसत होतीस गं. पण ते वल्हंवालं ध्यान कोण होतं? सारखं तुझ्या आड येत होतं."

"आहे एक मुलगी," मी म्हटलं.