थर्माकोलचा हलवा

“इतने अच्छे दिनों में बच्ची को काला कौन पहनाता है,” माझ्या मागे उभी असलेली बाई तिच्या सोबतच्या बाईला म्हणाली. हळूच म्हणाली, पण लिफ्टमध्ये हळू बोललेलं सगळ्यांनाच ऐकू जातं.

माझी नऊ वर्षांची मुलगी मान वर करून मजल्यांचे आकडे बघत होती. अंगात काळा फ्रॉक, त्यावर पांढऱ्या मण्यांचा हार, बांगड्या, बाजूबंद, कपाळावर बिंदी. संक्रांत नुकतीच झाली होती. जयपूरच्या तारांवर अजून पतंग लटकत होते. आमच्या घरी रथसप्तमीपर्यंत काळं चालतं, आणि हलव्याचे दागिने तर काळ्यावरच घालायचे, म्हणजे पांढरा दाणा न् दाणा दिसतो. हे त्या बाईंना सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. मी लिफ्टमध्ये बोलत नाही. खरं तर लिफ्टबाहेरही फारसं नाही.

प्रताप नगरहून वैशाली नगरच्या त्या मॉलपर्यंत आम्ही आलो होतो ते एका मुलीला बघायला. मुलगी विशीतली, जयपूरचीच. टाकाऊ वस्तूंपासून काही ना काही बनवते आणि त्याचे व्हिडिओ टाकते. तिला बघणाऱ्या पोरांना ती ‘मेरे कबाडियों’ अशी हाक मारते, आणि पोरं ते बिरूद मिरवतात. नवरा घरी म्हणायचा, “आम्ही शाळेत नापास झालो की वडील म्हणायचे, भंगार गोळा करशील. आता हिला तेच करायचंय, आणि वर आपण सोडायला जायचं.”

मला हसू यायचं, पण काळजीही वाटायची. ही दीदी कोण, तिला माझ्या मुलीकडून काय हवंय, हा प्रश्न मी मनातल्या मनात रोज विचारत होते. मुलीच्या हातात मी फोन देत नाही. व्हिडिओ टीव्हीवर लागायचे, आणि मी कांदा चिरता चिरता ते तिरक्या नजरेने बघायची. दीदीच्या बोलण्यातला तो पळता वेग, दर वाक्याला ‘यार’, मध्येच कसल्यातरी गोंदाची जाहिरात. मला वाटायचं, ही मैत्रीण नाही, दुकान आहे.

मग एकदा दुपारी मी ऑफिसच्या कॉलवरून उठून पाणी प्यायला गेले, तर स्वयंपाकघरातून आवाज आला. माझी मुलगी फ्रिजशी बोलत होती. पुठ्ठ्याचा तुकडा हातात धरून ती त्या बंद दाराला समजावत होती, “तो कबाडियों, पहले नाप लो, कैंची बाद में.” वर्गात बाईंनी नाव विचारलं तर जमिनीकडे बघणारी मुलगी. पालकसभेत दर वेळी मी ऐकते, हुशार आहे, पण बोलत नाही, आणि त्या बाई हे सांगताना माझ्याकडे अशा बघतात, की घरात कोणावर गेलीय हे त्यांना कळलेलं असतं. ती मुलगी फ्रिजशी न अडखळता बोलत होती. मी पाणी न पिताच परत फिरले.

त्यानंतर मी व्हिडिओ नीट बघू लागले, अगदी मागे जाऊन, सुरुवातीचे. त्यांत दीदीचा चेहरा कुठेच नव्हता. मुलीनेच माहिती पुरवली. “आई, तेव्हा दीदीला शरम वाटायची. मतलब, फक्त हात दिसायचे. मला तेच जास्त आवडतात.” नखांना रंग चिकटलेले, एका बोटाला पट्टी बांधलेले ते हात आणि मागून येणारा बारीक आवाज. मलाही तेच आवडले. मी तसं बोलून दाखवलं नाही, पण एका रविवारी तिच्याआधी मीच टीव्ही लावून बसले.

डिसेंबरात तिने माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीचा फोटो पाहिला. काळी साडी आणि नखशिखांत हलव्याचे दागिने. तिला ते हवे झाले. साताऱ्याहून सासूबाई दर वर्षी हलवा पाठवतात, पण वाटण्यापुरता, पुडीभर. इथे तो मिळत नाही. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. नव्या मिक्सरच्या खोक्यातला थर्माकोल घेऊन ती बाल्कनीत बसली आणि कुस्करून त्याचे दाणे मोकळे केले. ते केसांना, सोफ्याला, वरणाच्या पातेल्यालाही चिकटले. मग एकेक दाणा डिंकात बुडवून रव्यात घोळवला. वाळल्यावर त्यावर हलव्यासारखा काटा आला, हुबेहूब. हा रव्याचा प्रकार दीदीने शिकवलेला नव्हता. तो तिने स्वतः शोधला होता. सुई ओवून तिने सगळा साज केला, सोनेरी कागद मध्ये मध्ये गुंफला. आणि दीदी मॉलमध्ये येणार, बनवलेली वस्तू घेऊन या, असं कळल्यावर तिने मला एवढंच विचारलं, “आई, मतलब, तू येशील ना वरती, स्टेजवर?”

लिफ्टचं दार उघडलं आणि आवाज अंगावर आला. मी अशी गर्दी टाळत आले आहे, पण त्या दिवशी पाय आपोआप पुढे गेले. सगळीकडे पुठ्ठ्याचे किल्ले, बाटल्यांची झुंबरं, वर्तमानपत्राचा एक अख्खा उंट. पोरं एकमेकांच्या वस्तू तपासत होती, जाणकारांसारखी, हात मागे बांधून. “गरम गोंद?” “नहीं, मैदे की लेई.” “अच्छा, तभी टेढा है.” रांगेत आमच्या पुढे एक वडील डोक्यावर फ्रिजच्या खोक्याचं घर सांभाळत उभे होते. त्यांनी माझ्या मुलीच्या हाराकडे वाकून बघितलं.

“मखाने हैं?”

तिने मान हलवली.

“साबूदाना?”

“थर्माकोल,” ती म्हणाली. अनोळखी माणसाला, पहिल्याच फटक्यात. “ऊपर सूजी है.”

“सूजी,” ते गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, “और हमारे वाले ने छह महीने से कबाडी को घर में घुसने नहीं दिया.”

मी हसले, मोठ्याने. माझं मलाच नवल वाटलं. छातीत धडधडत होतं, परीक्षेसारखं नाही, जत्रेत पाळण्यात बसण्याआधी होतं तसं. तेवढ्यात दीदी स्टेजवर आली. व्हिडिओत दिसते त्यापेक्षा बुटकी, आणि बोटाला खरोखरच पट्टी. पोरांचा जो कल्ला उठला, त्यात माझ्या मुलीचाही आवाज होता. मी तो वेगळा ओळखला. तो मी याआधी इतका मोठा कधी ऐकलाच नव्हता.

मग माइक घेतलेल्या एका मुलीने नियम सांगितला. मुलासोबत आई किंवा वडील वर येतील आणि कॅमेऱ्यासमोर स्वतः सांगतील, की व्हिडिओ टाकायला आमची हरकत नाही. ज्यांची हरकत असेल त्यांनी बाजूला थांबावं, शेवटी वेळ उरला तर दीदी भेटेल.

मुलीचा चेहरा मी आजवर कुठेही टाकलेला नाही. वाढदिवसाचा फोटो नातेवाइकांना पाठवतानाही त्यावर सूर्यफुलाचं चित्र चिकटवते. माझी जाऊ विचारते, “अगं, तुला मुलगी आहे की कुंडी?” मी ऐकून घेते. हजारो अनोळखी डोळ्यांनी तिला न्याहाळावं, खाली काहीबाही लिहावं, हे मला नको आहे, आणि तिला कळत्या वयात ते स्वतः ठरवता यावं, असं वाटतं. नियम चांगला होता, आईवडिलांना विचारत होते. पण त्यात दोनच उत्तरं होती. एकात माझी मुलगी स्टेजवर जात होती, दुसऱ्यात बाजूला.

तिलाही ते कळलं. ती वाकून बांगडी सरळ करू लागली. “आई, आपण साइडला थांबू या,” ती म्हणाली. “मला चालेल.” ‘चालेल’ म्हणताना तिचा आवाज पुन्हा वर्गातला झाला.

मी तिचा हात धरला आणि रांगेतून हलले नाही.

पुढची मंडळी वर जात होती. “हमें कोई दिक्कत नहीं है,” उंटवाल्याची आई. “बिल्कुल नहीं,” फ्रिजवाले वडील, “घर ले लीजिए, बच्चा भी रख लीजिए.” सगळे हसले. मग पायऱ्या आल्या, आणि आम्ही वर.

दिवे इतके प्रखर होते, की खालची माणसं दिसेनाशी झाली. दीदी माझ्या मुलीसमोर उकिडवी बसली. हाराचा एक दाणा तिने चिमटीत धरून फिरवला आणि तिचा तो पळता वेग एकदम थांबला. “ये काँटा कैसे बनाया?” तिने विचारलं. अगदी खरं विचारलं, शिकायचं असल्यासारखं. “और काले पे क्या दिख रहा है ये.”

मुलगी जमिनीकडे बघत होती. मग म्हणाली, “सूजी. पहले गोंद, फिर सूजी. काला इसीलिए पहनते हैं.” आणि पाठोपाठ सगळं, कुस्करणं, वाळवणं, सोनेरी कागद, फ्रिजला सांगायची तसंच. कॅमेरा अजून बंद होता. कॅमेरावाला मुलगा माझ्याकडे बघत होता. माइक माझ्यासमोर आला. दीदी उभी राहिली आणि हसून म्हणाली, “मम्मी जी, आपको कोई दिक्कत तो नहीं?”

माइकमध्ये आधी माझा श्वास ऐकू आला, सगळ्या मॉलला. मुलीच्या बोटांनी माझा हात घट्ट आवळला. मी कॅमेऱ्याकडे बघितलं नाही, दीदीच्या पट्टी बांधलेल्या बोटाकडे बघितलं आणि म्हणाले, “चेहरे से है. आप भी तो पहले सिर्फ हाथ दिखाती थीं. इसके भी हाथ दिखाइए. ये सब इन्हीं हाथों ने बनाया है.”