आवाजाला आधी वाट

पोंभुर्ण्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बसलं, तेव्हा मुजफ्फर कुरखेड्याच्या एका सेवाभावी दवाखान्यात संगणकांचं जाळं सांभाळायला आला. दोन हजार सहाचा तो सुमार. मागच्या खोलीत एक चपटी पेटी होती. तिला स्विच म्हणत. दवाखान्यातली सगळी यंत्रं तिला जोडलेली, पण तिच्यातून नागपूरकडं जाणारी वाट एकच, तीही अरुंद. दुपारच्या सामसुमीत पेटीचे हिरवे दिवे पाहता पाहता मुजफ्फरचे डोळे जड होत आणि त्याला सागवनातली पायवाट दिसू लागे. तिच्यावरून कागद, चित्रं, माणसांचे आवाज बारीक तुकडे होऊन एकामागे एक चाललेले असत, पाचोळाही न वाजवता.

कोणाला आधी सोडायचं, हे ठरवणं त्याच्या हाती होतं; पेटीत तशा रांगा होत्या आणि पहिल्या रांगेतलं सगळ्यांत आधी सुटे. पण माणूस भिडस्त. कचेरीतली रीताबाई आली आणि म्हणाली, "मुजफ्फरभाऊ, माझा अहवाल अडकून राह्यला ना!" की तो तिला पहिल्या रांगेत घेई. मग औषधवाले, मग एक्स-रेवाले.

"घरचीच मानसं. नाई कसं म्हनू?" असं तो म्हणायचा.

श्रावणात गुणाबाईला आणलं. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालू असताना शेतातल्या बांधीतच तिला धाप लागली होती. डॉक्टरबाईंनी तिच्या छातीवर आवाज टिपणारं यंत्र ठेवलं. नागपूरचे हृदयाचे डॉक्टर तिकडून ऐकणार होते. त्यांना नीट ऐकू आलं नाही, तर तिला जीपनं तिकडं न्यावं लागणार होतं. खड्ड्यांचा तो लांबचा रस्ता तिला झेपेल, असं डॉक्टरबाईंना वाटत नव्हतं.

"तुटतंय," नागपूरहून आवाज आला. "दोन ठोके येतात, मग नुसती खरखर."

मुजफ्फर मागच्या खोलीत धावला. पाहतो तर पहिली रांग खच्चून भरलेली आणि बाकीच्या रिकाम्या. गुणाबाईचा नवरा दादाजी त्याच्या मागोमाग येऊन दारात उभा राहिला.

"का झालं, भाऊ?"

"सगळ्यायलेच पहिलं केलं मी, दादाजी. आता कोनीच पहिलं नाई."

दादाजी त्या दिव्यांकडं पाहत राहिला. "आमच्या इथी रोवण्यात धुऱ्याच्या चिंचोळ्या बांधावर पऱ्ह्याच्या रोपायचा भारा घेऊन बाई आली, तं सारे चिखलात उतरते. पाटील बी. रोप वाळते ना! ते गेली का मंग चढाचं परत. तुमच्या पेटीत चिखल नाई काय?"

"आहे ना. मीच कोनाले उतरवलं नाई."

त्यानं पहिल्या रांगेत एकटा आवाज ठेवला. बाकी सगळे मागं घेतले, पण कोणी अगदीच खोळंबू नये म्हणून प्रत्येकाला थोडी थोडी वाट राखली. लगेच पलीकडून हाक आली.

"भाऊ, माझं काऊन थांबलं जी?"

मुजफ्फरनं तिथूनच उत्तर दिलं. "थांबा जरा, रीताबाई. तुमचा अहवाल सांजच्याले गेला तरी अहवालच राह्यते. एका बाईच्या दिलाचा ठोका आहे. तो मागून पोचून काय कामाचा?"

"मंग आधी सांगाचं ना! मी काय त्या बाईची दुश्मन आहो?"

तो आणि दादाजी परत आले तेव्हा गुणाबाईच्या खोलीत कोणी हलत नव्हतं. दूरच्या डॉक्टरांनी एवढंच म्हटलं होतं, "बोलू नका." खिडकीबाहेर मोहाची पानं ओली होती. गुणाबाई डोळे मिटून पडली होती आणि तिचं हृदय झाडांवरून, गावांवरून, वैनगंगेवरून पार पलीकडं चाललं होतं. एकही ठोका न गाळता.

"आलं, सगळं आलं," नागपूरहून डॉक्टर म्हणाले. "झडप थोडी गळते. औषधानं भागेल. तिला आणायची गरज नाही."

दादाजी गुणाबाईच्या उशाशी जाऊन बसला.

गुणाबाईनं डोळे उघडले. "माझं काळीज नागपूरले जाऊन आलं म्हंता? मले तं कळलं बी नाई."

"पड उगी," दादाजी म्हणाला. "तुले इथीच राह्यचं आहे."