तारबाबूंची रेडिओ-नुमाईश

“आधी ऐका, मग बोला,” असं म्हणून तारबाबू डोळे मिटत आणि मान किंचित वाकडी करत. समोर रेडिओ असो, गिऱ्हाईक असो, नाहीतर खुद्द तहसीलदार. तारघरात उभा जन्म कट्ट-कडकट्ट ऐकण्यात गेलेला. पेन्शनीत आले तरी कान नोकरीवरच होता. तुमच्याही पाहण्यात असा एखादा असेल.

निजामाच्या राज्यात, आमच्या सेलूला वीज नव्हती तेव्हा, त्यांनी दरसाल रेडिओची नुमाईश, म्हणजे प्रदर्शन, भरवायला सुरुवात केली. मी जिनिंगमध्ये कारकून. कापसाचा हंगाम सरला की आमची मोठी शेड रिकामी पडे. ती त्यांनी मालकाकडून दोन दिवसांसाठी मागून घेतली. पहिल्या वर्षी दोनच दुकानदार आले. एकाच्या बॅटरीतलं तेजाब रेल्वेतच सांडलं. दुसऱ्याच्या पेटीतून दिवसभर नुसती खरखर. आसपासच्या शेतकऱ्यांनी तीही मन लावून ऐकली.

“पाऊस पडायलाय कुठंतरी,” एकजण म्हणाला.

तारबाबू खूश. “बघा, ऐकायला तर लागले!”

चार-पाच वर्षांत हैदराबाद, औरंगाबाद, जालन्याहून सात-आठ दुकानदार येऊ लागले. आवाज पकडायला जिनिंगच्या धुराड्यापासून लिंबापर्यंत तांब्याच्या तारा ताणल्या जात. सगळे एकदम आपापला रेडिओ लावत. एकीकडे कव्वाली, दुसरीकडे कीर्तन, मधूनच कापसाचा भाव. जालन्याचा दुकानदार सगळ्यांत भांडकुदळ. त्याचा आवाज त्याच्या रेडिओहून मोठा. शेवटी तारबाबूंनी पाळ्या लावून दिल्या.

लढाईच्या दिवसांत एकदा जिंतूरकडची धनगर बाई नुमाईशीत आली. तिची मेंढरं जवळच्याच शेतात बसवलेली होती. ती रेडिओपुढे उभी राहिली.

“ह्यात फौजेतली मान्सं बोलत्यात म्हनं. माजा लेक हाय का?”

दोघे-तिघे हसले. तारबाबू हसले नाहीत. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. लेक खेचरं सांभाळायला म्हणून भरती होऊन दूर मिसरला, इजिप्तकडे गेला होता. त्याचं एक जुनं पत्र तिच्या कनवटीला होतं. त्यावरचा पत्ता तारबाबूंनी उतरवून घेतला. शिपायांचे निरोप लावणाऱ्या रेडिओ स्टेशनला मग मराठीत, उर्दूत, इंग्रजीत अर्ज गेले. लिहिणारा मी.

वर्ष होत आलं आणि उत्तर आलं. अमुक दिवशी, दुपारी, त्याचा निरोप लागणार होता. पण त्या सालची नुमाईश त्याच्यानंतर पंधरा दिवसांनी होती आणि जाहिराती वाटून झाल्या होत्या. गावात दोन रेडिओ होते, तेही बड्या लोकांच्या माडीवर. तिथं धनगर बाईला कोण चढू देणार?

तारबाबूंनी नुमाईशच अलीकडे आणली.

हैदराबादच्या दोघांनी यायचं नाकारलं. जालन्याचा तावातावानं आला. “एका बाईसाठी तारीख बदललात? ती काय रेडिओ घेणार हाय?”

“ऐकणार हाय,” तारबाबू म्हणाले.

नवी इजाजत मागायला आम्ही तहसिलीत गेलो. तहसीलदारानं कारण विचारलं. तारबाबूंनी खरं ते सांगितलं. साहेब अर्ज आपल्या कारकुनापुढे सरकवत म्हणाला, “शिक्का मारा. मीपण येईन.”

त्या दुपारी शेड गच्च भरली. तारबाबूंनी माणूस धाडून बोलावलेली बाई पुढच्या खुर्चीवर होती. सगळ्यांत स्वच्छ आवाज जालन्याच्याच संचाचा. वेळ झाली तशी बाकीच्या दुकानदारांनी एकेक करून आपले रेडिओ बंद केले. कुणी सांगितलं नव्हतं. दोन-तीन अनोळखी निरोप झाले आणि मग आवाज आला, “आये, मी खुशाल हाय. हितं वाळूच वाळू हाय. खेचरं लय द्वाड हायती, पन माजं ऐकत्यात. काळजी करू नगं.”

संपलं. दुसऱ्याच कुणाचा निरोप सुरू झाला. पण बाई रेडिओवर वाकली. “आरं, जेवलास का? बारक्या शेळीला दोन करडं झाली. तुज्या बहिनीचं जमवायलोय आमी...”

जालन्याचा कुजबुजला, “इथून आवाज जात न्हाई, सांगा की तिला.”

“बोलू द्या,” तारबाबू म्हणाले.

तिचं सगळं सांगून झालं. मग तिनं वळून विचारलं, “पोचलं का?”

“पोचतंय,” तारबाबूंनी सांगितलं आणि मला खुणेनं बाजूला घेतलं. “चला, कागद काढा. करडांपासून सगळं लिहायचं. मी शब्द देऊन बसलोय.”

ते पत्र खरोखरच पोचलं. लढाई संपल्यावर लेक सुखरूप परतला आणि तारबाबूंना काळी घोंगडी देऊन गेला. ती ते उन्हाळ्यातसुद्धा खांद्यावर टाकत.

त्याच्या पुढच्या थंडीत तारबाबू गेले. नुमाईशीचं नाव कुणी काढलं नाही. पण चैत्रात, नुमाईशीच्या ठरलेल्या दिवशी, जालन्याचा दुकानदार नेहमीप्रमाणे पेटी घेऊन स्टेशनवर उतरला. त्याला कळलंच नव्हतं. मी सांगितलं, तेव्हा तो पेटीवरच बसला. परतीची गाडी आली नि गेली, तरी उठला नाही. मग म्हणाला, “शेडची चावी हाय ना तुमच्याकडं?”

ना इजाजत, ना जाहिरात. एकच दुकानदार, एकच रेडिओ. तरी दुपारपर्यंत गाड्या जुंपून माणसं आली आणि आल्या आल्या तारबाबूंची चौकशी करू लागली. ज्याला त्याला मीच सांगत होतो. आणि मी सांगायला लागलो की दरवेळी जालन्याचा हात पुढे करून रेडिओ बंद करायचा.