दोन सेकंदांचा थांबा

वसुधाताई चिडल्या की हिंदीत जातात, आणि फारच चिडल्या की गप्प बसतात. त्या गुरुवारी दुपारी त्या गप्प होत्या, म्हणून शेजारच्या दोन खुर्च्या आपोआप रिकाम्या झाल्या होत्या.

इंदूरच्या त्या छोट्या कंपनीत रुग्णांच्या उशाशी ठेवायचे मॉनिटर बनतात. त्यातल्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, गेली बावीस वर्षं ताईंच्या हाती. खानदान होळकरांच्या फौजेतलं. पणजोबा घोडे सांभाळायचे, ताई कर्नेल सांभाळतात, आणि घोडे परवडले असते असं रोज एकदा म्हणतात. आज तर गप्प होण्याआधीच चारदा म्हणून झालं होतं. सोमवारी नव्या मॉनिटरची चाचणी सुरू झाली आणि तेव्हापासून दहातून चार वेळा बटण दाबताच कर्नेल मान टाकत होतं. पडदा काळा, आणि मशीन स्वतःच्या नोंदी ठेवतं त्या लॉगमधली शेवटची ओळ कायम सुशांतच्या ड्रायव्हरमधली, म्हणजे आतल्या सेन्सरशी बोलणाऱ्या कोडमधली.

सुशांत सांगलीहून बायको-मुलीला घेऊन आलेला चाळिशीचा माणूस. त्याचं प्रोबेशन आज संपत होतं. त्याला ठेवायचं की नाही, हे मालक देवेंद्रजी चार वाजता ठरवणार होते. ताईंनी सकाळीच त्यांना मेल टाकला होता की खराबी सुशांतच्या कोडमध्ये आहे. आता फक्त ती नेमकी ओळ दाखवायची राहिली होती.

ती काही सापडेना. ताईंनी त्याच्या ड्रायव्हरमध्ये 'इथवर आलो' एवढंच छापणारी एक ओळ घातली, तर मॉनिटर वीसपैकी वीस वेळा मुकाट चालू. ओळ काढली की पुन्हा बोंब.

"अरे यार, ये क्या नौटंकी है?" ताई मॉनिटरलाच म्हणाल्या.

ती ओळ तशीच ठेवून घरी जाता आलं असतं. कुणी विचारलंही नसतं. पण एखादी गोष्ट का बिघडली हे न कळताच ती बरी झाली, की ताईंच्या डोक्यात तिडीक जाते. त्यांनी मग तो जुना कंटाळवाणा उपाय काढला. गेल्या सहा महिन्यांतले कर्नेलमधले सगळे बदल घ्यायचे, मधोमध तोडायचे, आधीच्या अर्ध्या बदलांवर मॉनिटर वीसदा चालू करून बघायचा. नीट चालला तर दोष नंतरच्या अर्ध्यात. पुन्हा मधोमध तोडायचं. बटण दाबून दाबून अंगठा दुखायला लागला. वर सुशांतचा ड्रायव्हर आल्यानंतरही चार महिने सगळं धडधाकट चालत होतं, हे दिसल्यावर तर त्यांचं टाळकंच सरकलं.

पावणेचारला एकच बदल उरला. 'बिनकामाचा दोन सेकंदांचा थांबा काढला.' तारीख तीन आठवड्यांपूर्वीची, आणि नाव त्यांचंच.

थांबा रिटायर झालेल्या पंढरीनाथजींनी घातलेला. कशासाठी, ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून ताईंनी तो उडवला. मॉनिटर लवकर चालू होतो म्हणून देवेंद्रजींनी ऑफिसभर जिलेबी वाटली होती. आणि नव्या मॉनिटरच्या सेन्सरला जागं व्हायला कधी कधी जरा उशीर लागत होता; ती छापायची ओळ घातली की तेवढा उशीर आपोआप मिळत होता. सुशांतचा ड्रायव्हर बिचारा झोपलेल्या सेन्सरला हाका मारत होता. ताईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्या मीटिंगच्या खोलीत शिरल्या, तेव्हा देवेंद्रजी सुशांतला मन लहान करू नको म्हणून समजावत होते.

"देवेंद्रजी, माझा सकाळचा मेल कचऱ्यात टाका. गलती माझी आहे," म्हणत ताईंनी लॅपटॉप समोर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. देवेंद्रजी बघतच राहिले. सुशांतला मात्र काहीच नवल वाटलेलं दिसलं नाही.

"तुला माहीत होतं?"

"मंगळवारी सापडलं होतं, ताई."

"मग बोलला का नाहीस?"

"आलो होतो ना तुमच्याकडे. कागदावर सगळं छापून आणलं होतं. तुम्ही म्हणालात, आधी स्वतःचा कोड बघ."

ताईंना आठवलं. तो कागद त्यांच्या टेबलावरच होता. दोन दिवस त्या त्याच्यावर चहाचा कप ठेवत होत्या.