खिळ्यावरची झावळी

कंपनीच्या गेटवर मला संशय घेण्याचाच पगार मिळतो. सुटीचा भोंगा झाला की कामगार ओळीनं येतात, पिशवी उघडतात, डबा उघडतात, आणि मी आत डोकावतो. आठवीत शाळा सोडून जालन्याकडच्या खेड्यातून आलेल्या माणसाला हडपसरमध्ये गणवेश, टोपी आणि वेळेवर पगार मिळतोय, याबद्दल मी देवाचे उपकार रोज मानतो. पण घरी येऊन गणवेश काढला तरी नजर काही उतरत नाही.

त्या वर्षी माझ्या बायकोला पाचवा सरून सहावा महिना लागत होता, आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायला बंदी केली होती. आधीची आमची दोन बाळं सहाव्या महिन्यातच गेली होती. या तिसऱ्याबद्दल आम्ही मोठ्यानं बोलतच नव्हतो. गावाहून आईचा फोन आला की मी "बरं चाललंय" म्हणायचो आणि लगेच शेळ्यांची चौकशी करायचो.

मी ड्यूटीवर गेलो की ती खोलीत एकटी. दार नुसतं लोटलेलं, म्हणजे हाक मारली तर खालच्या घरमालकीणबाईंना वर येता यावं. पण त्या दारातून आणखी एक बाई यायला लागल्या. चर्चमधल्या मावशी. नात्याच्या ना गोत्याच्या. कधी पेज आणायच्या, कधी कोंबडीचं सूप, आणि बायकोजवळ बसून प्रार्थना करून जायच्या. मला ते काही पटेना. पुण्यात कुणी फुकट पत्तासुद्धा सांगत नाही, मग ही बाई सूप का पाजते?

बायको माहेरची कॅथलिक. आम्ही दुसऱ्या पंथाचे ख्रिस्ती; आमच्या गावी साधं प्रार्थनामंदिर, चार भिंती आणि एक बाजाची पेटी. त्यामुळं झावळीचा प्रकार मी लग्नानंतरच पाहिला. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, चर्चमध्ये ताडाची हिरवी पानं आशीर्वाद देऊन वाटतात. बायका त्यांचे छोटे क्रूस विणतात आणि वर्षभर घरात ठेवतात. आमचा क्रूस बायकोच्या उशामागं खिळ्याला टांगलेला होता. वाळून पिवळा पडलेला. तिला बंदी झाल्यापासून मी दारात आलो की आधी खिळ्याकडं बघायचो, मग तिच्याकडं. का, ते विचारू नका. झावळी जागेवर म्हणजे बाळ जागेवर, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी आलो तर खिळा रिकामा.

ती झोपलेली. मी खाटेखाली पाहिलं, गादीची कड उचलून पाहिली. तिला विचारायची सोय नव्हती. खिळा तिच्या डोक्यामागं, तिच्या लक्षात आलं नसेल आणि माझ्या तोंडून कळलं तर घाबरेल, असं मला वाटलं. मग मी खाली गेलो.

"आमच्या भिंतीवरची वस्तू कुणी काढली का हो?"

घरमालकीणबाई शेंगा सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आम्ही दुसऱ्यांच्या खिळ्यांना हात लावत नाही. आमचे आम्हाला पुरेसे आहेत."

राहिल्या मावशी. आमच्याकडं गरोदर बाईच्या उशाची वस्तू कुणी नेली तर लोक त्याचा एकच अर्थ काढतात. करणी. आम्ही ख्रिस्ती झालो म्हणून ही भीती आजोबांनी वेशीबाहेर सोडली होती, असं काही नाही. मी मावशींचं सूप मोरीत ओतलं. त्या आठवड्यात बायको जरा कण्हली तरी मी उठून दिवा लावायचो.

रविवारी पहिली पाळी संपवून येत होतो, तर मावशी आमच्याच जिन्यावरून उतरत होत्या. खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवीतून पिवळी टोकं बाहेर आलेली. मी गणवेशातच होतो. आडवा झालो.

"मावशी, पिशवी दाखवा."

त्यांनी मला टोपीपासून बुटापर्यंत पाहिलं. "का? कंपनीचा माल आहे?"

"दाखवा म्हणतो ना."

त्यांनी पिशवी सरळ माझ्या हातात दिली. आत वाळक्या झावळ्या खच्चून भरलेल्या. ही बाई घरोघर हेच करत हिंडते!

"यात आमची आहे," मी म्हणालो.

"असेलच. काढा की शोधून."

मी जिन्यावर बसलो आणि एकेक झावळी काढून पाहू लागलो. सगळ्या सारख्याच. तशाच पिवळ्या, तशाच कडा कुरतडलेल्या. ज्या वस्तूकडं मी रोज जीव टांगणीला लावून पाहत होतो, ती मला ओळखता येईना.

"मलाही नाही येणार ओळखता," मावशी म्हणाल्या. आवाज उतरला होता. "माझी पण आहे त्यात. आमचे हे गेले, तेव्हा त्यांच्या उशाशी होती. बुधवारी सगळ्या एकत्र जाळून त्यांची राख कपाळाला लावायची. राखेचा बुधवार. तुम्हाला घरी कुणी सांगितलं नाही का?"

मी वर गेलो. बायको जागीच होती. जिन्यातलं सगळं तिनं ऐकलं होतं.

"मीच दिली," ती म्हणाली. "दरवर्षी परत द्यायची असते."

"मग मला का नाही सांगितलंस? गेल्या वर्षी, त्याच्या आधी?"

"तेव्हा तुम्ही त्या झावळीकडं बघत तरी होता का? आणि या वर्षी सांगितलं असतं, तर देऊ दिली असती?"

मी रिकाम्या खिळ्याकडं पाहिलं.

"अहो, ती टांगलेली असतानाच दोन्ही गेली ना आपली. झावळी राखणदार नाही. जुनीची राख झाली की पुढं ईस्टर येतो, एवढंच मला माहीत आहे. मला तिथंवर जायचंय."

बुधवारी मी चर्चमध्ये शेवटच्या बाकाशी उभा राहिलो. फादरांच्या हातातल्या वाटीवर माझी नजर होती. एवढ्या पिशवीची एवढीशीच राख? रांगेत उभा राहिलो तेही वाटी जवळून बघावी म्हणून. फादरांनी अंगठ्यानं कपाळावर क्रूस काढला. राख गार होती. तेवढ्यात मला एकाएकी रडू आलं. त्या दोघांसाठी मी तोवर रडलोच नव्हतो.

परतताना बसमध्ये टोपी हातातच धरली. कंडक्टर म्हणाला, "साहेब, कपाळाला ग्रीस लागलंय."

"असू द्या."

घरी बायकोनं मला खाटेशी वाकायला लावलं. माझ्या कपाळावर अंगठा टेकवला, आणि तोच आपल्या कपाळावर. मग पोटावर.

खिळा रिकामाच राहिला. मी दारातून आधी तिच्याकडं बघायला शिकत होतो; दर वेळी जमायचंच असं नाही. मावशींचं सूप मात्र मी स्वतः गरम करून द्यायचो, वास घेऊन. सहावा महिना गेला. झावळ्यांच्या रविवारी सातवा सरत होता. मी हिरवं पान घेऊन आलो आणि तिनं पडल्या पडल्या पोटावर ठेवून ते विणलं. आतून लाथ बसली की पान हलायचं, आणि ती मला ओरडायची, "हसू नका, घडी सुटतेय!"

पोरगी मे महिन्यात झाली. आता दरवर्षी राखेच्या बुधवाराआधी जुनी झावळी खिळ्यावरून मीच काढतो आणि मावशींच्या पिशवीत टाकतो. टाकल्यावर पिशवीत एकदा डोकावतोच, आणि मावशी म्हणतात, "झाली का तपासणी? जाऊ आता?"