दाभोळच्या भट्टीतली ग्रीक तांबोशी

दापोलीच्या स्टँडवर दाभोळची एस.टी. लागली, तेव्हा माझ्या शेजारच्या जागेवर माणसाच्या आधी पत्र्याचा एक भलामोठा ट्रे येऊन बसला. हातभर लांब, चारी काठ दुमडलेला, नवाकोरा. मागोमाग पन्नाशीचे एक गृहस्थ आले. "बाई, जरा जपून, कोपरा लागंल," म्हणाले आणि ट्रे मांडीवर घेऊन बसले.

मी कऱ्हाडची शाळामास्तरीण. मे महिन्याच्या सुट्टीत दापोलीला मावसबहिणीकडे आले होते आणि दाभोळची खाडीकाठची जुनी मशीद पाहायला एकटीच निघाले होते. प्रवासात तोंड मिटून बसणं मला जमत नाही.

"केक करणार वाटतं?" मी विचारलं.

"मासा भाजनार," ते म्हणाले. "ग्रीक लोक भाजतात तसा."

एवढं ऐकल्यावर खिडकीबाहेरच्या काजूच्या बागांकडे कोण बघतंय? गृहस्थांचं नाव दत्ताराम. दाभोळचेच. सारी उमर एका ग्रीक मालकाच्या मालवाहू बोटीवर भंडारी (जहाजावरचा स्वयंपाकी) म्हणून काढलेली. एकदा बोट दुरुस्तीसाठी तिकडच्या एका बेटावर बरेच दिवस अडकली. तिथे घरोघर भट्टी नसते. रविवारी बायका चर्चला जाताना माशाचा ट्रे गावच्या बेकरीत ठेवतात आणि येताना भाजलेला मासा घेऊन घरी जातात.

"मी तवाच म्हटलं, बेकरी तर आमच्या दाभोळात पन हाय," दत्ताराम म्हणाले.

"मग इतक्या वर्षांत केलं नाहीत?"

त्यांनी ट्रेच्या काठावरून बोट फिरवलं. "बोटीवरची सगळी मानसं माझ्या हातचं जेवायची. घरात चुलीजवळ गेलो, की बायको म्हनते, बसा तुमी, दमून आलाय. पहिला पाट माझा, मधली तुकडी माझी. पाव्हन्यासारखं. सुट्टीपुरतं बरं वाटायचं. आता बोट कायमची सोडून शिमग्याला आलो. मे लागला, तरी मी आपला अजून दमलेलाच."

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. बायकोनं आज एकदाच त्यांना स्वयंपाक करू द्यायचं कबूल केलं होतं. "जमलं नाय, तर पुन्ना पाटावर बसायचं नि गप जेवायचं," ते म्हणाले. मग मलाही जेवायला यायचा आग्रह केला. तिसऱ्या माणसासमोर बायको नाव ठेवणार नाही, असा त्यांचा हिशेब असावा. मी लगेच हो म्हटलं.

शेवटच्या उतारावर खाडी दिसली आणि मी बोलायची थांबले, यावरून ती केवढी सुंदर असेल ते ओळखावं. वाशिष्ठी नदीचं पात्र इथे एवढं रुंद आहे, की पलीकडचा डोंगर निळा दिसतो. धक्क्याला होड्या लागलेल्या, दोरीवर बोंबील वाळत घातलेले. दत्तारामांनी वाटेत मशीद दाखवली. तिचा घुमट आणि दगडातलं कोरीवकाम मन लावून बघावं असंच आहे. पण खोटं कशाला बोलू, माझं निम्मं लक्ष त्या ट्रेकडे होतं.

दत्तारामांचं घर धक्क्याच्या वरच्या अंगाला, चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं). शेवंताबाईंनी मला पाण्याबरोबर गुळाचा खडा दिला आणि नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आनली मासळी. बघा, चालतीय काय."

तांबोशी होती. लालसर, हातभर लांब, डोळे अजून चकाकणारे. दत्तारामांनी ती साफ करताना मी बघतच राहिले. खवलं उडाली नाहीत, काही सांडलं नाही, सुरी एकदाही अडखळली नाही. अंगावर तिरक्या चिरा पाडून त्यांनी नुसतं मीठ आणि लिंबू चोळलं. कांदे, टोमॅटो, बटाटे यांच्या पातळ चकत्या केल्या, लसूण ठेचला, कोथिंबीर चिरली. मग ट्रंकेतून ऑलिव्हच्या तेलाचा डबा काढला.

"ह्ये तेल दापोलीत औषधाच्या दुकानात मिळतं," शेवंताबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "ल्हान पोरांना चोळतात."

"तिकडं खातात गो," दत्ताराम म्हणाले. "मासा मुरू दे. मी भट्टी बघून येतो. हात लावू नको कशाला."

ते गेले. आम्ही दोघी बोलत बसलो. कऱ्हाडला नदीची मासळी कशी करतात, हे मी सांगत होते आणि त्या मान डोलवत ऐकत होत्या. बोलता बोलता त्या उठल्या, फळीवरचा डबा काढला आणि पुन्हा येऊन बसल्या. माझं बोलणं रंगात आलेलं. लक्ष गेलं तेव्हा शेवंताबाईंची बोटं पिवळीधमक झाली होती आणि तांबोशीही. हळद, लाल तिखट आणि वर कोकमाचं आगळ. सगळं लावून झालं होतं.

आम्ही एकमेकींकडे बघितलं.

"आता वो?" त्या म्हणाल्या. चेहरा उतरून गेला होता. "बिनहळदीचा मासा समोर पडलाय, हात कसा थांबंल?"

खाडीकाठच्या कुठल्याही बाईनं हेच केलं असतं. मासा साफ झाला, की हळद लागणारच. मलाही ते इतकं रोजचं, की डोळ्यांसमोर होऊनही लक्षात आलं नाही. दोघींनी धुऊन पाहिलं. तिखट गेलं, हळद कसली जाते!

दत्ताराम आले. पिवळ्या माशाकडे बघितलं. ओसरीवर जाऊन खाडीकडे तोंड करून बसले. मला फार वाईट वाटलं. एका माणसाला स्वतःच्या घरात एकदा स्वयंपाक करायचा होता, आणि तोही धड झाला नव्हता.

शेवंताबाई दारापर्यंत गेल्या. "अवो, मी मुद्दाम नाय केलं."

त्या उंबरा ओलांडून पुढे आल्या.

"दुसरी तांबोशी आनू?"

"आता कुठं मिळनार? बाजार उठला."

"मग ह्येच न्या. तिकडच्या बायका काय सगळ्या एकासारखं करतात? कुनी कायतरी जास्त घालीतच असंल."

दत्ताराम घराकडे वळून बसले. मग म्हणाले, "घालायच्या. एक म्हातारी दालचिनी घालायची. तिचा नवरा रोज बोंबलायचा नि रोज खायचा." आणि एकदाचे हसले. उठून त्यांनी ट्रेमध्ये चकत्यांची गादी केली, त्यावर पिवळी तांबोशी निजवली आणि तेलाचा हात सैल सोडला.

बेकरीचे हसनचाचा दारातच उभे होते. पाव निघाले होते, भट्टी उतरणीला लागली होती. "दत्ताराम, माझ्या बटरांना मासळीचा वास आला, तर सगळी बटरं तुला खायला लावीन," त्यांनी बजावलं आणि लांब दांड्याच्या फावड्यावर ट्रे घेऊन आत सरकवला. थोड्या वेळानं असा वास सुटला, की धक्क्यावरची माणसं उगाचच पाव घ्यायला येऊ लागली. हसनचाचांनी वासाची तक्रार पुन्हा काढली नाही.

घरी आणून ट्रे मधोमध ठेवला. कडेचे कांदे करपून गोड झालेले, टोमॅटोचा रस तेलात उतरलेला, आणि मासा बोट लावताच काट्यावरून सुटत होता. लिंबाच्या मागून कोकमाचा आंबटपणा हळूच येत होता. पावाचा तुकडा त्या रसात बुडवून तोंडात टाकला आणि मी खरोखर डोळे मिटले. असा मासा मी त्याआधी खाल्ला नव्हता.

दत्ताराम वाढत होते. शेवंताबाई संकोचून माझ्या शेजारी बसल्या होत्या. नवरा वाढतोय आणि आपण खातोय, हे त्यांना नवीन होतं. मधली तुकडी त्यांच्या पानात पडली. त्यांनी एक घास घेतला, मग दुसरा. दत्ताराम डाव हातात धरून उभेच.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पान पुढे करून, "अजून वाढा."

माझी परतीची गाडी संध्याकाळची. निघताना मागच्या दारी गेले, तर दत्ताराम पालथ्या ट्रेला राख घासत होते आणि शेवंताबाई उंबऱ्यातून बोलत होत्या. "कोपऱ्यात तेल ऱ्हायलंय, दिसत नाय काय? आनि उद्या धक्क्यावर तुमीच जा. मला पापड लाटायचेत. ताजी बघून आना, नायतर कायतरी गळ्यात मारतील."

"व्हय, व्हय," दत्ताराम म्हणाले. कोपरापर्यंत राखेनं माखलेला तो माणूस नव्या नवऱ्यासारखा लाजून हसत होता.

कऱ्हाडला परतले, तेव्हा घरच्यांनी माझी बॅग हातातून घेतली, चहा आणून दिला, "दमली असशील, बस," म्हणाले. मला जरा परकं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे हे आतून ओरडले, "अगं, माझा पंचा कुठे ठेवलास?" आणि मी खऱ्या अर्थानं घरी पोचले. एवढ्यासाठी दत्तारामांना मात्र तांबोशी भाजावी लागली.